भेटकलम

सकाळी नऊला टॉर्ट्स.
ओकलीबाई यादी न बघता बोट रोखतात,
"मिस आसोलकर, नुकसान कुणाचं?"
इथे उत्तर द्यायला कुणी उभं राहत नाही,
पण माझे गुडघे सवयीनं ताठ होतात.
वर्षभरात एवढंच शिकले
की "परिस्थितीवर अवलंबून आहे"
ही टाळाटाळ नसून उत्तर असतं.

दुपारी दोनला, एरी तलावावरून आलेला बर्फ बुटांत घेऊन
दुसऱ्या इमारतीत कॅटलॉगिंग.
तिथे एकच प्रश्न, तोही हळू आवाजात:
हे पुस्तक कशाबद्दल आहे?
मागच्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलं
मधमाश्यांच्या मालकीवरच्या खटल्यांचं पुस्तक.
थवा उडून शेजाऱ्याच्या झाडावर बसला, तर मध कुणाचा?
चाळीस मिनिटं ठरवत बसले,
मधमाश्यांत ठेवू की मालमत्तेत.

चार वर्षं, दोन पदव्या, दोन ओळखपत्रं.
कर्ज मात्र एकच.

बाबा वेंगुर्ल्याला नर्सरीत कलमं बांधायचे.
फोनवर जोडपदवी समजावली तेव्हा
क्षणभर गप्प. मग म्हणाले,
"म्हणजे भेटकलम."
रायवळाचं रोप कुंडीसकट उचलून
हापूसच्या फांदीपाशी न्यायचं,
दोघांची साल तेवढ्यास तेवढी सोलायची,
जखमेला जखम लावून सुतळीनं बांधायचं.
"दोघं आपापल्या मुळावर असतात तोवर
कळत नाही गो,
धरलंय की नुसतं बांधलंय."

संध्याकाळी कायदा ग्रंथालयाच्या टेबलावर माझी पाळी.
पाटी आहे: आम्ही माहिती देतो, सल्ला देत नाही.
पाटीची अक्षरं मीच निवडली, ठसठशीत.

बुधवारी मिसेस वोयचिक आल्या.
सत्तरीच्या. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षं.
कांद्याच्या पिशवीत घडी घातलेली
घर सोडायची नोटीस.
"सांग ना, मी काय करू?"

मला ठाऊक होतं.
म्हणजे, सकाळच्या मला ठाऊक होतं.
नोटीस हातात न देता दाराला चिकटवून गेले,
हे त्यांनी सहज सांगितलं, हवा सांगावी तसं,
आणि माझ्या आत कुणीतरी
खुर्ची मागे सारून उभं राहिलं.

सनद नाही अजून.
दुपारची मी म्हणाली,
"तिसरी रांग, खालून दुसरा कप्पा. चला, दाखवते."
खंड काढला. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून
या वर्षीची पुरवणी काढली.
(छापून बांधलेला कायदा शिळा असतो,
ताजा मागच्या खिशात.)
पान उघडलं.
नियमावर बोट ठेवणं सोपं.
परिच्छेदावर ठेवायचं नाही.
मी फक्त पुस्तक जरासं फिरवलं,
दिव्याचा उजेड बरोब्बर तिथे पडेल असं,
आणि फुकट वकील मिळतो तिथला पत्ता
मोठ्या अक्षरात लिहून दिला.

त्यांनी चष्मा पुसला. ओठ हलवत वाचू लागल्या.
"दाराला," एवढंच ऐकू आलं.
मग थोड्या वेळानं पुन्हा, वेगळ्या आवाजात,
"दाराला."
मी परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर लावत होते,
एकही जागेवर नाही.

रात्री बाबांना विचारलं, पुढे काय करतात त्या कलमाचं?
"जोडाच्या वर रायवळाचा शेंडा छाटायचा,
जोडाच्या खाली हापूसची फांदी कापायची."
"दोन्ही?"
"दोन्ही. पण आधी खाच द्यायची, मग आठवड्यानं आणखी खोल.
घाई केलीस की दोघंही जातात."
मग विचारलं, म्हशीच्या नावाच्या तुझ्या गावात
आज बर्फ किती?

टेबल पुसताना सापडली होती
कांद्याची एक साल, तांबूस, कागदाहून पातळ.
टाकली नाही.
वहीत ठेवलीय.
कशाखाली नोंदवायची,
ठरत नाहीये.