वाइट

ऑल्डबोर्नच्या वरच्या माळावर चार टेकाडं आहेत,
मेंढ्या त्यांच्या पाठीवर चढून चरतात,
आत कोण निजलंय ते न विचारता.
शर्विल म्हणाला, आई, ह्यांच्यात वाइट राहतात.
मी म्हटलं, वाईट राहतात म्हणजे? आत ओल आहे का?
तो इतका हसला की हिमाच्या गवतावरच बसला.
त्याला ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचं राहूनच गेलं.

त्याच्या गेममधला वाइट मारला की चाळीस गुण.
गंजकी तलवार, डोळ्यांत बॉयलरच्या ज्योतीचं निळं,
आणि तो वार करत नाही, नुसता शिवतो.
शिवला की पातळी उतरते, नववीतला गडी सातवीत,
कमावलेलं सगळं गेलं, नाव तेवढं तेच.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
साताऱ्यात मी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते,
इथे पहिली दोन वर्षं चादरी मोजल्या.
कुणाचा हात लागला, आठवत नाही. थंड होता.

मग लायब्ररीतून जाडजूड कादंबऱ्या आल्या.
त्यांतला वाइट जरा खानदानी:
थडग्यात कडी-तोडे, मुकुट, धुक्यातून हाका,
सोन्याला हात लावाल तर याद राखा.
अरे, हा तर आपला समंध, मी म्हटलं,
हंड्यावर बसलेला, स्वतः खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना.
आमच्या भाऊबंदकीत असले दोघे-तिघे
जिवंतपणीच होते.

अकरा नंबरच्या खोलीत हॉबडे मास्तर, वय एक्याण्णव.
नातवंडांची नावं पुसली गेलीत,
पण हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी शाबूत.
पाठीला पावडर लावता लावता त्यांनाच विचारलं.
म्हणाले, वाइट? काही नाही गं. जीव.
बेडूक वाइट, राजा वाइट, तू वाइट, मीही अजून.
आणि उत्तरेकडचे खलाशी, किनारा दिसू लागला की
गलबताच्या नाकावरचं ड्रॅगनचं मुंडकं उतरवून ठेवायचे,
त्या भूमीचे वाइट बिचकू नयेत म्हणून.

मी पावडरचं झाकण लावलं.
हीथ्रोच्या रांगेत मी टिकली काढून
पर्समधल्या आरशाला चिकटवली होती.
अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीत एका पहाटे, चारच्या सुमाराला,
मास्तरांनी माझं मनगट धरलं.
बोटं अगदी कादंबरीतली, गारठलेली.
पुअर वाइट, म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.
तेरा नंबरची बेल दोनदा वाजली.
मी हात सोडवून घेतला नाही.

घरी आले तर शर्विल सोफ्यावर वेडावाकडा झोपलेला,
पडद्यावर खेळ मध्येच थांबवलेला,
आणि वाइट एक हात पुढे करून उभा.
मारायला की मागायला,
त्या निळ्या उजेडात काही ठरवता येईना.
रिमोट शोधला, सापडला नाही.
डब्यात दोन घास दहीभात उरला होता.