शून्य शून्य नऊ सात सात

मुलुंडला नवघर रोडवर माझा पिवळा बूथ होता,
डाव्या पायाच्या कोट्यातून मिळालेला.
दुपारी सोसायट्या झोपल्या की हे यायचे,
खाकी स्वेटर, गळ्यात शिट्टी,
मुठीत ओली झालेली नोट.
अख्ख्या रस्त्याला सगळे बहादूर.
मी वहीत नावं लिहायचो, म्हणून मला ठाऊक:
हिक्मत साउद, दीपज्योत सोसायटी, बी विंग.
जिल्हा अछाम. बाजारापासून घर चार तास चढावर.

फोन बाजारात, कापडवाल्याकडे.
आज निरोप द्यायचा, परवा लावायचा.
मधल्या वेळात कुणी पोरगं डोंगर चढून
जुनाला सांगणार. जुना, त्याची बायको.
आमच्यात जुना म्हणजे वापरून झालेला, मी म्हणालो.
हसला. म्हणाला, तिला सांगू नका, काका.

क्रांतीची कारणं पुस्तकात काय दिलीत, माहीत नाही.
मला काचेपलीकडून एकाच बाजूची ऐकू यायची:
मीठ केवढ्याला?
मास्तर परत आला का?
कुणी नेला, वर्दीवाल्यांनी की जंगलातल्यांनी?
दोघंही जेवून गेले? बियाण्याचं पण खाल्लं?
बरं. बकरी वीक.
तांबडे आकडे पळत राहायचे,
बोलण्याला आणि गप्प राहण्याला एकच दर.

एका जूनमध्ये सगळ्यांनी डोकी भादरली.
राजा, राणी, मुलं, एका रात्रीत घर संपलं.
बी विंगमधल्या बाईंनी विचारलं, वडील गेले का रे?
हिक्मत म्हणाला, हो.
केबिनमधलं मेलेल्या राजाचं कॅलेंडर त्यानं काढलं नाही.
नव्या राजाचं चित्र कुणीतरी आणून दिलं,
ते रजिस्टरखाली ठेवलं. पालथं.

मग तो फेब्रुवारी.
नवा राजा सकाळी भाषणाला बसला
आणि देशभरचे फोन तोडले.
रांग इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत.
मी दाबत राहिलो, शून्य शून्य नऊ सात सात,
पुढे एंगेजचा टोनसुद्धा नाही.
विहिरीत दगड टाकावा
आणि पाण्यानं ओ देऊ नये, तसं.
आठवडाभर मीटर हललं नाही.
मी, जन्मात कुठल्या मोर्चात चाललो नाही (कसा चालणार?),
एका परक्या राजाला आईवरून शिवी हासडली.
एरवी राजाचं नाव निघालं की हिक्मत हात जोडायचा.
त्या दिवशी त्याचे हात खिशातच राहिले.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात फोन लागायचा,
पण जुना बाजारात नसायची.
जिल्ह्याच्या गावी गेली, कापडवाला सांगायचा,
थाळी घेऊन गेली.
कुणी नेली?
नेणार कोण? सगळ्याच गेल्या.
संचारबंदी होती, तरी.
एकदा त्यानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला.
खरखर. मला वाटलं लाईन खराब.
माणसं होती ती.
एकोणीस दिवसांत एकदाच ती सापडली फोनवर,
मिनिटभर. बाकीचे दाराशी कान देऊन उभे,
गोळी, राजा, मोर्चा, काहीतरी कळेल म्हणून.
यानं विचारलं, पायात चपला आहेत ना?

एकोणिसाव्या रात्री राजा टीव्हीवर आला आणि वाकला.
हिक्मतची शिट्टी तासातासाला वाजायची.
त्या रात्री ती अवेळी वाजली, लांबलचक,
मग ए विंगची, मग पलीकडच्या गल्लीतली,
टाटा कॉलनीपर्यंत.
तिसऱ्या मजल्यावरचे मोघे गॅलरीत येऊन ओरडले,
चोर आहे का?
पगारातून पन्नास रुपये कापले.

दोन वर्षांनी राजाचं पदच गेलं.
महाल सोडायला त्याला पंधरा दिवस दिले.
पंधरा, हिक्मत म्हणाला,
मला मागच्या खोलीमालकानं एक रात्र दिली होती.

तोवर माझ्याकडे फोन करायला कुणी उरलं नव्हतं.
मीटर भंगारात गेलं, बूथमध्ये झेरॉक्स आलं.
जुना आता मिस्ड कॉल देते.
सेक्रेटरींची गाडी आली की तो अजून उठतो,
मग माझ्याकडे बघत नाही.
त्या पालथ्या चित्राची पाठ मात्र कोरी होती, जाड कागद.
त्यावर तो गाड्यांचे नंबर लिहितो,
न विचारता आत आलेल्यांचे.