हात वर

एप्रिलचा शेवटचा रविवार.
आपेनझेलच्या चौकात दोरखंडाचं रिंगण,
आत गावचे सगळे बाप्ये, कमरेला तलवारी.
तलवार म्हणजेच मत.
रेमिगीची त्याच्या आजोबांची;
शनिवारी रात्री ती मी पुसायचे
जुना मोजा राखेत बुडवून.
एखाद्या साली म्यानातून निघायचीच नाही.
तरी चालायची.

माझ्याजवळ सुई होती.

आम्ही बेकरीच्या माडीवर, खिडकीत नऊ जणी.
रविवारी टाका घालणं पाप,
म्हणून हात मांडीवर, एकावर एक.
सहा दिवस त्यांना दम नसायचा:
पॅरिसच्या कुणा बाईला नाक पुसायला
इतका तलम रुमाल भरून द्यायचा
की अंगठीतून ओढून काढता यावा.
त्या रुमालांतून छप्पर झालं,
दोन गायी झाल्या, धाकट्याची शाळा झाली.
आणि ज्या एका दिवशी हात मोकळे,
त्या दिवशी त्यांचं काही काम नव्हतं.

वरून दिसायचं मात्र छान.
खाली अधिकारी हात मोजत नसत,
नजरेनं अंदाज घेत.
मी मोजायचे.
कापडाचे धागे मोजणारीला हातांचं काय!
करवाढ, शिकारीचा हंगाम, नवा दवाखाना,
सगळं मोजलंय.
बायकांच्या मताचा प्रश्न निघाला
तेव्हा तर मोजणं सोपंच गेलं.
पहिल्यांदा. दुसऱ्यांदाही.
मेक्टिल्ड दोरीपाशी कागद वाटत होती;
कुणीतरी ओरडलं, घरी जा, सूप करपतंय.
लोक हसले. माडीवर आमच्यातल्याही दोघी हसल्या.
एक मी.

नव्वद साली, आदल्या रात्री रेमिगी म्हणाला,
या खेपेला मी होय म्हणणार, ओटिलिया.
मी तलवार जरा जास्तच घासली.
दुसऱ्या दिवशी वरून बघतेय:
होय म्हणणारे, हात वर!
त्याचा हात निघाला,
खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला,
शेजारच्या लोहाराने मान वळवली,
हाताने कान खाजवला
आणि खाली गेला.
घरी आल्यावर म्हणाला, मी केला होता वर.
मी म्हटलं, हो का.
सूप वाढलं.

मग लोझानच्या न्यायालयाने सांगितलं,
आपेनझेलच्या बायकांनाही मत आहे.
तेव्हा कुठे गावातल्या पुरुषांनी
एकजात हात वर केले:
आता आमच्या हातात काही राहिलं नाही म्हणाले.

एक्क्याण्णवचा एप्रिल.
पिशवीत कार्ड.
दोरी ओलांडताना झग्याचा काठ अडकला,
मेक्टिल्डने सोडवला.
तिचे केस पांढरे झालेत हे तेव्हा कळलं,
वरून नुसती टोपी दिसायची.
आत उभं राहिल्यावर तर काहीच दिसेना.
पाठीच पाठी. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा वास.
माडीकडे वळून पाहिलं:
खिडक्या बंद, एका कुंडीत जिरेनियम.

पहिला ठराव ओढ्यावरच्या पुलाचा.
इतकी वर्षं वाट पाहिली, आणि निघाला पूल!
होय म्हणणारे...
मी हात उचलला.
तो कानापर्यंत आला आणि अडला.
पन्नास वर्षं चौकटीवर वाकलेला खांदा,
त्याला वरची वाट ठाऊक नव्हती.
मग डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं
आणि ढकलला वर,
जड ट्रंक माळ्यावर चढवावी तसा.
पूल नापास झाला.
कितीने, ते मला मोजता आलं नाही.

परतताना चढावर रेमिगी म्हणाला,
पुलाला कशाला गं? कर वाढला असता आपला.
मी म्हटलं,
मी कान खाजवत होते.

पुढे बराच वेळ
त्याच्या मांडीवर तलवार आपटल्याचा
तेवढा आवाज.