शेवटची सोळा पानं

उद्यमनगरात, रात्रपाळीला,
लेथ थंड झाला की मी ती कादंबरी उघडतो.
वाचनालयाचा शिक्का, कव्हर उसवलेलं,
आणि मागची सोळा पानं कुणीतरी नेलेली.

पान दोनशे अकरा:
यानात तो एकटाच, मंगळाच्या पलीकडं कुठंतरी.
हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय.
हाताशी एक पाना, अर्धी बाटली पाणी
आणि चाळीस तासांचा श्वास.
पुढं नुसती शिवण.

वाचनालयातल्या घोरपडेबाई म्हणाल्या,
"अहो, वाचला असणार. नायक आहे तो."
असं कसं, बाई?
गळती काय नायक बघून थांबते?

म्हणून गेले नऊ दिवस
डबा खाता खाता त्याच्याशी बोलतोय:
भावा, आटे तपासलेस का?
बोट फिरव. डोळ्याला दिसत नाही ते नखाला कळतं.
ताग नसंल तर बनियनचा दोरा काढ,
आट्याच्या दिशेनं गुंडाळ, उलटा नको,
आणि आवळताना रागावू नकोस.
बाबालाल मिस्त्री म्हणायचे,
शेवटचा पाव आटा हातानं नाही, कानानं.

काल भंगारातला पितळेचा तुकडा
लेथवर चढवला.
आज पुस्तक परत करताना
मागं, कार्डाच्या खिशात, एक नट सरकवला.
उशिराचा दंड तीन रुपये.
बाईंनी पुस्तक उचललं, आत काहीतरी वाजलं.
"हे काय?"

पाऊण इंची, म्हटलं.
माप पान एकशे नव्वदवर आहे.
राहू दे आतच.