समुद्रसपाटीपासून

चटई कारखान्यातली दुसरी पाळी संपवून
मी कॉकपिटात बसतो.
म्हणजे जिन्याखाली,
जुन्या कूलरच्या पत्र्यात मीच पाडलेल्या
अकरा गोल भोकांसमोर.

वेगाचा काटा लूनाचा.
दांडी पीव्हीसी पाइपाची, एल्बो लावून.
क्षितिज अजून डगमगतं,
त्याची मोटर भुसावळहून यायचीय.

सुपडूअण्णा दारातून विचारतात,
"आज कोठे चालना?"
"धुळे," म्हणतो. फार लांब जात नाही मी.
तरी पारोळ्याच्या वर आलो की लाइट जाते
आणि विमान
ना पडतं, ना उतरतं.
अंधारात मी पट्टा सोडत नाही.

काल उंचीमापक बसवला.
कोकिळा आली बघायला,
हात कळण्याच्या पिठाचे तसेच.
"बसलाय जमिनीवर, मग काटा सातशे फुटांवर कसा?"
म्हटलं, बरोबर दाखवतोय.
आपलं जळगावच समुद्रापासून तेवढं वर आहे.

ती गप्प.
मग खाली फरशीकडे बघत म्हणाली,
"वीस वर्षं झाडते हिला.
सांगायचं ना."