श्वास रोखा

आकाश तसं पुण्यात फारसं उरलेलं नाही.
धनकवडीत आमच्या मागच्या अंगणावर
सतरंजीएवढा एक तुकडा आहे,
कढीपत्ता आणि पाण्याची टाकी यांच्या मधला,
तोही दामल्यांनी हॅलोजन बंद केला तर.
करतात. एप्रिलभर, साडेआठ ते साडेनऊ,
शेजारधर्म म्हणून,
आणि त्यांचा शर्विल रांगेत पहिला असतो म्हणून.

ससूनला तेहेतीस वर्षं एक्स-रे काढले मी.
अंधाराची सवय आहे.
पोरं दुर्बिणीला डोळा लावतात, तिपाई हलवतात,
आणि माझ्या तोंडून आपोआप येतं:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
झैद तर गाल फुगवून उभा राहतो,
गुरूचे चंद्र मोजून होईपर्यंत सोडतच नाही,
मग म्हणतो, तीनच आहेत, आबा,
चौथा तुम्ही लपवलाय.

लोहगावचं विमान गेलं
की सगळे ओरडतात, तुटला! तुटला!
विमान आहे हे कळल्यावरही
इच्छा मागून घेतात.

भाग्या रांगेत नसते.
पलीकडच्या बांधकामावरच्या वॉचमनची ती, अहमदपूरकडची,
भिंतीवर बसून नुसत्या डोळ्यांनी बघते.
मी सप्तर्षी सांगत होतो,
क्रतू, पुलह, पुलस्त्य, पाढे म्हणावेत तसे,
तर वरून आवाज आला,
ती म्हातारीची बाज हाय.
ते तीन चोर.
म्हातारी जागीच हाय, म्हणून नेता येईना अजून.
आन् मधल्या चोरासंगं बारकं कुत्रं हाय,
दिसतंय का?

मला दिसत नव्हतं.
मोतीबिंदू काढायच्या आधीही,
अगदी तरुणपणीही, खरं सांगायचं तर.
लग्नात भटजींनी भर दुपारी
कार्यालयाच्या पत्र्याकडं बोट दाखवलं,
अरुंधती दिसली का?
दिसली, म्हणालो आम्ही दोघंही.
पंगत खोळंबली होती.

दुर्बीण वळवली.
भाग्याचं कुत्रं आलं भिंगात, चांगलं ठसठशीत.
आणि वसिष्ठ बघतो तर
एकाचे दोन निघाले, एकमेकांना खेटून.
ओवी म्हणाली,
मग ही नक्की कुणाची बायको?
हसता हसता कुणाचा तरी पाय लागला तिपाईला,
ऋषी, बायको, चोर, कुत्रं,
सगळे गेले टाकीमागं.

पुन्हा शोधायला दहा मिनिटं गेली.
मग मी स्वयंपाकघराच्या दाराशी हाक मारली.
शालन आली, कणकेचे हात तसेच,
मनगटानं चष्मा कपाळावर सारून वाकली.
मुलं एका सुरात:
श्वास घ्या! रोखा! हलू नका!

बराच वेळ काही बोलली नाही.
मग पुटपुटली,
अगंबाई, होती की खरंच.

आणि रांग विसरून
तशीच वाकून राहिली
शर्विलनं मागून पदर ओढेपर्यंत.