दडपण

वीट अठरा किलो भरली.
कचेरीतल्या पोरीने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला,
मग नाक जवळ नेऊन विचारलं, "हिला वास कसला येतोय?"
"मिठाचा," बाबा म्हणाले
आणि गप्प बसले,
जणू एवढ्यात सगळं आलं.

सगळं नव्हतं आलं.
एकोणचाळीस हिवाळे ती आमच्या रांजणावर होती.
मोहरीचा पाला दोरीवर टाकून मलूल करायचा,
थरावर थर लावायचे, मीठ आई चोळायची,
वर लाकडी फळी, फळीवर ही.
दडपण नसेल तर पाला तरंगतो, काळा पडतो.
माणसांचंही तसंच, असं आई म्हणायची,
बाबांकडे बघून.

वीट तटाची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक.
तट पाडत होते त्या साली बाबा तेरा वर्षांचे.
कोणाच्या चुलीखाली, कोणाच्या मोरीत,
कोणाच्या डुकरांच्या कुडाला,
नानचिंगमध्ये तेव्हा थोडा थोडा तट
घरोघरी होता. कोणी त्याला चोरी म्हणत नव्हतं.

आता गल्लीच पाडायची आहे.
दारांवर लाल रंगाने, गोल करून, एकच अक्षर.
नवं घर एकोणिसाव्या मजल्यावर.
रांजण आला. वीट बाबांनी
जुन्या दुपट्यात गुंडाळली, बाजूला ठेवली,
म्हणाले, "ही हिच्या घरी."

पोरीने ओल्या ब्रशने कड घासली.
अक्षरं वर आली: जिल्हा, अंमलदार, मुकादम, भट्टीवाला,
आणि तळाशी, वीट थापणारा: वेई पा.
पा म्हणजे आठ.
आठव्या पोरापर्यंत नावं संपली असतील,
आकड्यावर भागवलं.

"एवढी नावं कशाला?" मी विचारलं.
"वीट फुटली तर कोणाला धरायचं, ते कळावं म्हणून."
"फुटली नाही," बाबा लगेच म्हणाले.
सहाशे वर्षांनी कोणीतरी
वेई पाला जामीन राहिलं.

पोरीने वहीत लिहिलं: देणार, थान शोउयी.
लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र, तटावर जायची दोन फुकट तिकिटं.
"कुठे बसवणार?"
"सध्या गोदामात, आजोबा. नंबर लागेल."

वर गार वारा. डावीकडे तळं, त्यात कमळाचे वाळके दांडे,
उजवीकडे शहर, आमचं, आणि क्रेन.
एक नवरी भाड्याचा झगा आवरत
फोटोसाठी तिसऱ्यांदा हसत होती.
बाबा मात्र भिंतीला नाक लावून,
बोटाने एकेक नाव चाचपत,
हजेरी घ्यावी तसे.

खाली दोरावर लटकून एक जण
फटींतली रोपटी उपटत होता.
बाबा कठड्यावरून ओरडले, "कुठे रिकामं आहे का?"
तो वर न बघता म्हणाला,
"रिकामं कुठेच नाही काका.
सैल आहे बऱ्याच ठिकाणी."

घरी रांजणावर तेलाचा कॅन, पाच लिटर पाणी भरून.
हलका पडला. दुसरा ठेवला, तो घसरला.
रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठले,
तर बाबा पायजम्यात उभे,
दोन्ही तळवे फळीवर.

यंदाचा पाला आंबट झाला. खाल्ला.

पंधरा दिवसांनी म्हणाले, "फोन लाव, विचार तर
वेई पा वाळला का."
पोरीने ओळखलं. म्हणाली,
वीट कोरडी आहे, पण रोज सकाळी
अंगावर पांढरं फुलतं.
आम्ही पुसतो. पुन्हा येतं.

मी सांगितलं.
"येणारच," बाबा म्हणाले,
आणि फळीखाली तरंगणारं एक पान
बोटाने आत ढकललं.